साडेदहाचं टिंब

...आणि तो उंदीर शेवटी सापडला तो कांदाभजीच्या तुकड्यावर. काल लिहिता लिहिता इथपर्यंत आलो होतो, तेवढ्यात सूनबाईनं जेवायला हाक मारली आणि उंदीर पिंजऱ्यातच राहिला. तर आता पुढचं.

कॉम्प्युटर लॅबमधलं नेट चार दिवस बंद होतं, कारण या पठ्ठ्यानं भिंतीकडची वायर दोन ठिकाणी कुरतडली होती. प्राचार्यांपासून क्लार्कपर्यंत सगळे म्हणत होते, औषध घाला. आमच्या केरबा शिपायानं कुणाचं ऐकलं नाही. पिंजरा लावला, कँटीनमधनं भजी आणली आणि पाचव्या दिवशी सकाळी उंदीर आत. मी म्हटलं, "केरबा, बादलीत बुडव आणि मोकळा हो."

"न्हाय जमायचं नाना. पंचशील घेतलंय म्या. जीव न्हाय घ्यायचा."

"अरे, त्यानं अख्ख्या कॉलेजचं नेट घेतलं की!"

"नेट परत येतंय. जीव येतोय व्हय?"

असं म्हणून गड्यानं पिंजरा सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि उंदीर सोडायला थेट रंकाळ्याच्या पलीकडं गेला. जवळ सोडला तर परत येईल म्हणाला. येताना चेन पडली. कॉलेज अकराला भरायचं आणि पहिली घंटा केरबा द्यायचा. त्या दिवशी घंटा झाली अकरा वाजून पाच मिनिटांनी. प्राचार्य व्हरांड्यात आले, त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून कानाला लावलं, हलवलं, पुन्हा लावलं. आपलंच घड्याळ पुढं गेलं असं समजून त्यांनी पाच मिनिटं मागं घेतलं आणि आत गेले! केरबाची घंटा चुकेल असं त्यांच्या मनातच आलं नाही.

केरबाची घंटा सगळ्या नोकरीत दोनदा चुकली. ही पहिली. सांगताना मला अजून हसू आवरत नाही. दुसरी सांगायची म्हटलं की हात जड होतो. पण केरबा कसा माणूस होता हे त्या दुसऱ्या वेळेशिवाय कळायचं नाही, म्हणून लिहितो.

केरबा कुरणे गडहिंग्लज तालुक्यातल्या नेसरीचा. १९९१ साली आमच्या कॉलेजात शिपाई म्हणून लागला. मी तिथं नाईक होतो, म्हणजे शिपायांतला थोरला. सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला असायच्या. मी शाहूवाडीच्या डोंगरातला, चार वर्ग मिळून एक गुरुजी असलेल्या शाळेत शिकलेला. केरबाचीही शाळा तेवढीच. मराठी तो बोट ठेवून वाचायचा. सकाळी भेटलो की मी रामराम म्हणायचो, तो जयभीम म्हणायचा, आणि दोघं मिळून चहाला जायचो.

घंटा म्हणजे काय, तर रुळाचा हातभर तुकडा, जिन्याखाली तारेनं टांगलेला. त्यावर हातोडीनं ठोके. दिवसात नऊ वेळा. पण घंटेपेक्षा त्याचं मोठं काम दुसरंच होतं. ते त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यानं आपलं आपण अंगावर घेतलं होतं.

ऑफिसात मस्टर असायचं. साडेदहापर्यंत प्राध्यापक, क्लार्क, शिपाई, सगळ्यांनी त्यावर सही करायची. साडेदहाला हेडक्लार्क मस्टर पुढं ओढायचे आणि सही नसलेल्या चौकोनात लाल रेघ मारायचे. तीन लाल रेघा झाल्या की एक रजा कापली जायची. केरबा काय करायचा, तर सव्वादहालाच मस्टर काखेत मारून हिंडायला लागायचा. सायकल स्टँडवर, कँटीनमध्ये, लायब्ररीत. "सर, सही राहिलीया, लाल रेघ पडंल की!" इतिहासाचे एक सर एकदा समोरच्या सलूनमध्ये एका गालाला फेस लावून बसलेले. केरबा आत शिरला आणि त्यानं त्यांच्या मांडीवर मस्टर उघडलं. त्या सहीवर साबणाचा डाग पडला. हेडक्लार्क ओरडले, "हे काय रे?" केरबा म्हणाला, "सायेब, सही पांढरी झाली तर चालतीया. लाल झाली तर मानसाची रजा जातीया."

असा तो. कुणाच्या नावावर रेघ पडू द्यायची नाही. माझ्या लग्नात मी जेवढा धावलो नसेन तेवढा हा लोकांच्या सह्यांसाठी धावला.

त्याची बायको सोनूबाई नेसरीलाच असायची, केरबाच्या म्हाताऱ्या आईपाशी. थोडं रान होतं, ते बघायची. केरबा कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून असलेल्या एका खोलीत राहायचा. दहावी झाल्यावर त्याची पोरगी प्रीती शिकायला त्याच्याकडं आली. बारीक चणीची, मोठ्या आवाजाची आणि बापाला घाबरत तर मुळीच नाही. बी.ए.ला तिनं इंग्रजी घेतलं, तेव्हा केरबा माझ्यासमोर तिला म्हणाला, "मराठीत काय कमी बोलतीस व्हय, म्हणून विंग्रजी घेतलंस?"

"आप्पा, तुमच्या घंटेला तरी कुठं मराठी येतंय? तरी सगळ्या कॉलेजला कळतंय की!"

पाचव्या तासाची घंटा झाली की ती जिन्याखाली यायची. तिथंच, त्या रुळाच्या तुकड्याखाली, दोघं बापलेक एका डब्यात जेवायचे. भाकरी तिनं केलेली असायची आणि मोठा तुकडा कुणी घ्यायचा यावरनं रोज भांडण. मी जाता-येता ऐकायचो.

आता २००८ साल. इंग्रजीच्या त्रिशला मगदूम मॅडम जयसिंगपूरकडच्या. घरचा ऊस, पण बाईंचा जीव पुस्तकात. त्या सुट्टीत हैदराबादला कसल्याशा ट्रेनिंगला जाऊन आल्या आणि येताना एक नवीन खूळ घेऊन आल्या. मी खूळच म्हणायचो, त्यांच्या तोंडावरसुद्धा. त्या हसायच्या. खूळ असं, की इंटरनेटवर एक कोरं पान घ्यायचं आणि तीन-तीन पोरांच्या गटानं त्या एकाच पानावर इंग्रजीत लिहायचं. एकानं लॅबमध्ये बसून लिहिलं की दुसऱ्याला शाहूपुरीतल्या कॅफेत बसून ते दिसायचं. दुसऱ्यानं खोडलं की पहिल्याला कळायचं. वर्गात एकच वही फिरवावी तसं, फक्त वही कुणाच्याच हातात नाही. आणि पानाच्या कडेला आपोआप नोंद पडायची, की अमक्यानं, अमक्या तारखेला, इतक्या वाजता लिहिलं.

प्रीतीच्या गटात सम्मेद आणि ऐश्वर्या होते. विषय घेतला होता 'आमच्या कॉलेजचा एक दिवस'. ऐश्वर्यानं सकाळ लिहायची, सम्मेदनं लॅब आणि प्रीतीनं घंटा. दिवाळीच्या सुट्टीआधी पान पुरं करायचं. मग ते छापून, वर तिघांची नावं घालून, विभागात कायमचं ठेवायचं.

प्रीती लॅबमध्ये नेहमी चार नंबरच्या मशीनवर बसायची. एकदा केरबा फडकं मारायला गेला तेव्हा तिनं त्याला ते पान दाखवलं. मी दारात होतो. केरबाला इंग्रजी येत नव्हतं, पण लेकीचं नाव इंग्रजीत कसं दिसतं हे तिनं त्याला पाटीवर शिकवलं होतं. कडेच्या नोंदीत ते नाव आणि पुढं वेळ बघून तो एकदम म्हणाला, "म्हंजे मस्टरच की ग हे!"

प्रीती खो-खो हसली. "व्हय आप्पा, मस्टरच. पर काहीतरी लिव्हल्याबगार सही पडत न्हाय. एक टिंब दिलं तरी पडतीया. द्या बघू."

तिनं त्याचं बोट धरून टिंब दाबायला लावलं, खालचं बटण दाबायला लावलं. कडेला नवी वेळ उमटली. मग तिनं ते टिंब पुसलं. केरबा म्हणाला, "पुन्यांदा." मशीन लावण्यापासून पान उघडण्यापर्यंत सगळं करायला लावून चार वेळा तिनं त्याच्याकडनं टिंब देववलं. चार नंबरच्या मशीनला तिनं आपलं नाव एकदा सांगून ठेवलं होतं, त्यामुळं ते पान उघडलं की नाव विचारायचं नाही, थेट प्रीतीच्याच नावानं उघडायचं. हे तिनं त्याला सांगितलं की त्याचं त्यानं हेरलं, कोण जाणे.

पोरं ती पोरंच. निम्मी काम टाळायला लागली. तेव्हा मॅडमनी एक दिवस लॅबमध्ये सगळ्यांना उभं केलं आणि ठणकावलं, "पंधरा दिवसांत ज्याचं नाव पानावर दिसणार नाही, त्याचं नाव गटातून कमी होईल. मला विचारायला येऊ नका. आपोआप होईल." केरबा तेव्हा पाण्याचा जग घेऊन आत गेला होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मॅडमचं मस्टर आपल्यापेक्षा कडक हाय नाना. हितं पंधरा दिवसांनी नावच जातंय."

गणपती झाले आणि प्रीतीचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ. तीन दिवस खोलीतच पडून होती, चार दिवस सरकारी दवाखान्यात. मी रोज जायचो. दवाखान्यातल्या तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "नाना, आप्पाला घंटेला पाठवा, हितं बसून माझं डोकं खातंय." ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. वीस वर्षांची होती.

नेसरीला आम्ही कॉलेजातले सात-आठ जण गेलो होतो. मॅडम होत्या, सम्मेद आणि ऐश्वर्या होते. पाचव्या दिवशी जलदान विधी होता, त्यालाही मी गेलो. सोनूबाई भिंतीला टेकून बसली होती, कुणाकडं बघत नव्हती. केरबा मात्र आल्यागेल्याला पाणी देत होता, चपला सरळ लावत होता. मी म्हटलं, आता महिनाभर इकडंच राहा, तुझी रजा मी सांभाळतो. तर दुसऱ्याच दिवशी हा कॉलेजात हजर.

त्या दिवशी त्याच्या हातात पहिलं काम काय यावं? वर्गाचा हजेरीपट सरांच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. रोजचंच काम. ऑफिसनं नियमाप्रमाणं प्रीतीच्या नावावर लाल शाईची रेघ ओढली होती आणि पुढं 'मयत' असं लिहिलं होतं. त्यात कुणाची चूक नाही, तसंच करायचं असतं. पण ते केरबाच्या हातात देताना कुणाच्या ध्यानात आलं नाही. जिन्याच्या वळणावर त्यानं हजेरीपट उघडला. मी खालून बघत होतो. बोट ठेवून नाव काढलं, त्या रेघेवर बोट फिरवलं, मिटला आणि वर्गात नेऊन ठेवला. पाचव्या तासाची घंटा त्यानं वेळेवर दिली. जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला माझ्यापाशी आला. "नाना, लॅबची किल्ली द्या. झाडून घेतो."

"अरे, परवा झाडलीया. बस जरा. चहा मागवतो."

"झाडतो की."

मी किल्ली दिली. प्रीतीनं त्या पानावर शेवटचं लिहिलं त्याला त्या दिवशी चौदा दिवस झाले होते. हा हिशोब मला फार पुढं कळला. तेव्हा मी आपलं समजलो, की माणसाला हाताला काम पाहिजे, करू दे. त्या दिवसापासून मस्टर दहालाच फिरवून घ्यायचा, रोज सव्वादहाला किल्ली न्यायचा, पावणेअकराच्या आत परत आणून द्यायचा. इतकी लख्ख लॅब मी कधी बघितली नव्हती.

तीन-साडेतीन आठवडे झाले असतील. मी इंग्रजी विभागात चहा घेऊन गेलो, तर ऐश्वर्या मॅडमसमोर रडत उभी. शेजारी सम्मेद, चेहरा लालबुंद.

"मॅडम, ती रोज येतीय," ऐश्वर्या म्हणाली. "साडेदहा, साडेदहा, दहा बत्तीस. प्रीतीचंच नाव. तिनं वाक्य अर्ध्यात सोडलंय ना, त्याच्यापुढं रोज एक टिंब वाढतंय."

"भूत कॉम्प्युटर लावतंय व्हय?" सम्मेद म्हणाला. "आणि लावलंच तर नुसती टिंबं कशाला देईल? निबंध पुरा करंल की! तिला अर्धवट ठेवायची सवय होती काय?"

"तूच करतोयस ते! लॅबमध्ये सगळ्यांच्या आधी तूच असतोस. परवा तू टिंबं खोडलीस, आणि काल पुन्हा तेवढीच्या तेवढी आली."

खरंच, सम्मेदनं एकदा ती सगळी पुसली होती. दुसऱ्या दिवशी केरबानं मोजून परत घातली होती. पण तेव्हा हे कुणाला ठाऊक?

"मी खोडली म्हणून मीच घातली? वा ग शहाणे! मी पावणेअकराला येतो. लॅबचं रजिस्टर बघा."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रजिस्टर तूच लिहितोस, सम्मेद."

प्रीती मॅडमची लाडकी होती. त्या म्हणाल्या, "ही थट्टा असेल तर फार वाईट थट्टा आहे. उद्या दुपारपर्यंत खरं सांग. नाहीतर या पानावरचं तुझं नाव मी काढणार." आणि त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतः बसून लॅबमधल्या सगळ्या मशीनमधली लक्षात ठेवलेली नावं पुसून टाकली.

किल्ली मी देत होतो. साडेदहाला लॅबमध्ये कोण असतं हे सबंध कॉलेजात मला एकट्याला माहीत होतं. आणि तरी मी चहाचे कप गोळा करून खाली आलो. केरबा आणि कॉम्प्युटर या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्याच नाहीत. मॅडमच्याही नाहीत. झाडणारा माणूस मशीनवर बसेल, हे कुणाच्या मनात येतं?

दुसऱ्या दिवशी अकरा वाजले. घंटा नाही. अकरा वाजून दोन. तीन. पोरं पटांगणात घुटमळत उभी. मी जिन्याखाली गेलो, हातोडी खुंटीला तशीच. मग माझ्या लक्षात आलं, लॅबची किल्ली परत आलेली नाही.

वर गेलो. दाराबाहेर केरबाच्या चपला सरळ लावलेल्या. आत तो चार नंबरच्या मशीनसमोर खुर्चीवर बसला होता. सतरा वर्षांत त्या कॉलेजात केरबाला खुर्चीवर बसलेला मी पहिल्यांदा बघितला.

"नाना, हे मला आत घेईना झालंय," तो म्हणाला. "नाव इचारतंय. रोज कधी इचारत न्हवतं. म्या नाव घातलं तिचं, बघून-बघून घातलं, तर आनि काय तरी मागतंय."

"काय करतोयस तू हितं?"

"सही ऱ्हायलीया नाना. आज सही पडाय पायजे. कॉलेजच्या पटावरनं नाव गेलंय, एवढं एकच ऱ्हायलंय. हितनं गेलं तर मग कुठंच न्हाय."

तेव्हा मला सगळं उमगलं. मी म्हटलं, "अरे लेका, ती टिंबं तू देतोस व्हय? त्या सम्मेदवर आळ आलाय. मॅडम आज त्याचं नाव काढणार हायत पानावरनं!"

केरबा ताडकन उठला. "त्या पोराचं नाव? माझ्यापायी?"

"तुझ्यापायीच की."

चपला न घालताच तो इंग्रजी विभागाकडं धावला. घंटा मी दिली. अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. माझा ठोका भलताच वाजला असणार, कारण वर्गातली पोरं खिडक्यांतनं डोकावून बघायला लागली. हातोडी तिथंच टाकून मी विभागात गेलो.

मॅडम खुर्चीत होत्या, सम्मेद आणि ऐश्वर्या समोर. केरबा दारातच उभा. "मॅडम, पोराचं नाव कापू नगा. टिंब म्या दिल्याती."

मॅडमना आधी काही कळेना. "तुम्ही? केरबामामा, तुम्ही कशी दिली?"

"तिनंच शिकवलतं. एक टिंब दिलं की सही पडतीया म्हनली. रोज साडेधाला एक. ऐतवार सोडून. ऐतवारी मस्टर नसतंय."

"पण कशासाठी?"

"तुमीच म्हनलासा की, पंधरा दिस सही न्हाय तर नाव कमी. म्या पानी घिऊन आलतो तवा ऐकलं. ती गेली, म्या गावाकडनं आलो, तर चौदावा दिस लागनार हुता. मग म्हटलं, पोरगी न्हाय तर न्हाय, सही तर घालू. छापताना नाव तेवढं येऊ दे."

ऐश्वर्यानं ओढणी तोंडाला लावली. सम्मेद उठला, आपली खुर्ची केरबाकडं सरकवली आणि म्हणाला, "मामा, बसा." केरबा बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

मॅडमनी टेबलावरच्या कॉम्प्युटरवर ते पान उघडलं आणि पडदा त्याच्याकडं फिरवला. "इथं प्रीतीनं काय लिहिलंय, ते तुम्हाला माहीत आहे का?"

"न्हाय. मला नाव तेवढं वळखतंय."

मग मॅडम एकेक ओळ मराठीत सांगत गेल्या. आमच्या कॉलेजची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा आहे. ती देणारा माणूस दिवसातून नऊ वेळा हातोडी उचलतो. तो घड्याळाकडे बघत नाही, लोक त्याच्या घंटेकडे बघून आपली घड्याळं लावतात. एकदा एका उंदरामुळे ती घंटा पाच मिनिटं उशिरा झाली. केरबाला इथं हसू आलं, खरंच आलं. मॅडम पुढं म्हणाल्या, "पाचव्या तासाची घंटा झाली की मी..."

आणि त्या थांबल्या. तिथंच प्रीती थांबली होती. पुढं टिंबांची रांग.

केरबानं बोट शर्टाला पुसलं आणि पडद्याजवळ नेलं, पण लावलं नाही. "टिंबं पुसून टाका मॅडम. घान दिसतंय तिच्या लिव्हन्यात."

"राहू देत मामा," सम्मेद म्हणाला. "मी एकदा पुसली, ते चुकलं माझं."

"आनि नाव?" केरबानं विचारलं. "आज सही पडली न्हाय."

पुढचं काय झालं ते आधी सांगून टाकतो, म्हणजे नंतर मला काही लिहायला नको. ते पान दिवाळीच्या आधी छापलं. वर तिघांची नावं आली, प्रीतीचं मधलं. वाक्य अर्धंच ठेवलं, टिंबांसकट. पोरांनी ते पुरं करू का म्हणून मला विचारलं होतं, कारण पाचव्या तासानंतर काय व्हायचं ते मी रोज बघितलेलं. मी नको म्हटलं. केरबानं आणखी वर्षभर घंटा दिली आणि मग नोकरी सोडून तो नेसरीला सोनूबाईपाशी गेला. जायच्या दिवशी सगळ्यांच्या सह्या झाल्यात ना, हे मस्टर उघडून बघून गेला. नंतर आम्हाला विजेची घंटा बसली. ती कधी चुकत नाही आणि तिच्याविषयी सांगण्यासारखं काही नाही.

तर त्या दिवशी केरबानं नावाचं विचारलं, तेव्हा मगदूम मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या म्हणाल्या, "मामा, नाव कुठं जात नाही. पोरांनी काम करावं म्हणून मी तसं बोलले होते, नुसतं धाक घालायला. ते पान कुणाचं नाव आपोआप काढत नाही. कुणी उघडू दे, न उघडू दे. टिंब दिलं नाही तरी प्रीतीचं नाव तिथं राहणार. तुम्हाला आता रोज काही करायला लागणार नाही."

केरबा मॅडमकडं वळला आणि म्हणाला:

"ऱ्हातंय न्हवं? मग बरं झालं मॅडम, लई बरं झालं. पर आता उद्यापास्नं साडेधाला म्या कुठं जाऊ?"